ठराव झाला, पुढं काय? कोल्हापुरातल्या एका जाहीर संवादाचं प्रकरण

कोल्हापुरात पुरोगामी कार्यक्रमांना कधी तोटा नव्हता. शाहू जयंती, फुले-आंबेडकर जयंती, पानसरे स्मृतिदिन असे दिवस वर्षभर येत राहतात आणि दर वेळी हॉल भरतो. आमचा छोटा गट काही वर्षांपासून भाषणांऐवजी संवाद ठेवतो. एक कार्यकर्ता, एक लेखक किंवा लेखिका, आणि दीड-दोन तास प्रश्नोत्तरं. अशा बऱ्याच बैठकांची टिपणं माझ्याकडं आहेत. त्यातल्या बहुतेकांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, कारण पाहुणे आणि श्रोते एकाच मताचे होते आणि घरी जाताना प्रत्येकाकडं आधीचंच मत होतं. एक बैठक मात्र वेगळी ठरली. तिच्यातून मतं कमी आणि कामं जास्त निघाली. ते कशामुळं घडलं हे तपशिलानं मांडावं असं मला मनापासून वाटतं. राजकारण आणि सामाजिक न्याय यांवरच्या गप्पांमध्ये आपला किती जीव आणि किती वेळ जातो हे मी रोज पाहतो, आणि तो वाया जाऊ नये असं मला वाटतं.

विषय होता विधवा प्रथेविरुद्धचा ठराव. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 4 मे 2022 रोजी ग्रामसभेत ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे प्रकार गावात बंद करायचे. कल्पना करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाची. कोरोनात तरुण माणसं गेली, तरुण बायका मागं राहिल्या आणि तेच विधी पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर घडले, त्यातून ती आली होती. मुहूर्तही नेमका होता. 6 मे 2022 ला शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं पुरी होत होती. पाठोपाठ माणगावनंही तसा ठराव केला. 1920 च्या मार्चमध्ये शाहू महाराज आणि बाबासाहेब ज्या परिषदेत एका मंचावर आले, तेच हे हातकणंगले तालुक्यातलं माणगाव. मे महिना संपायच्या आत राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असं सुचवलं. वर्तमानपत्रांत कौतुक झालं, बाहेरगावचे लोक हेरवाड पाहायला येऊन गेले.

ठरावाला वर्ष उलटून गेल्यावर आम्ही संवाद ठेवला. कौतुक ओसरल्यावर काय उरलं ते ऐकायचं होतं.

तयारी

पाहुणे दोन ठरले. एक ज्येष्ठ कार्यकर्ते. सगळं आयुष्य कामगार चळवळीत गेलेलं, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. दुसऱ्या एक लेखिका. कथा लिहितात, बायकांच्या प्रश्नांवर सदर लिहितात. दोघंही सज्जन, दोघंही ठरावाच्या बाजूचे. म्हणजे दीड तास एकमेकांना दुजोरा देण्यात जाणार हे उघड होतं.

संवाद घेणारी आमची सहकारी हायस्कुलात शिक्षिका आहे. तिनं दोघांनाही आधी फोन केला आणि एकच प्रश्न विचारला: "हेरवाडच्या ठरावात तुम्हाला काय खटकतं?" ठरावात काय आवडलं हे तिनं विचारलंच नाही.

आण्णा म्हणाले, "एकमतानं झाला हेच खटकतंय. घरातली रीत मोडायचा ठराव एकमतानं होत असेल, तर निम्म्यांनी तो नीट ऐकलेला नाही, किंवा आपल्याला तो पाळायचा नाही हे त्यांनी मनात आधीच ठरवलंय."

लेखिकेची हरकत निराळी होती. तिच्या मते ठराव म्हणतो की विधवेचं कुंकू पुसू नका, पण कुंकू हीच बाईची खूण का असावी हे तो विचारत नाही. बाईच्या अंगावर नवऱ्याची खूण हवी हे तसंच राहिलं, फक्त ती नवरा गेल्यावरही राहू द्यायची मुभा मिळाली. आणि ही मुभा कोणी दिली? ग्रामसभेनं. बाईच्या कपाळाचा निर्णय पुन्हा गावानंच घेतला.

या दोन उत्तरांनी कार्यक्रमाचा सांगाडा उभा राहिला. एका बाजूचे दोघं आणि त्यांच्यात खराखुरा मतभेद. समविचारी माणसं मंचावर बसली की ती आपसातले मतभेद झाकतात, बाहेरचा शत्रू मोठा आहे म्हणून. सवय चांगल्या हेतूची आहे, पण तिच्यामुळं ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. फोनवर मोकळेपणी बोललेलं माणूस मंचावर गोड बोलू लागतं. म्हणून शिक्षिकेनं दोघांकडून कबूल करून घेतलं की फोनवर जे म्हणालात तेच तिथं म्हणायचं.

मग तिसऱ्या खुर्चीवरून आमच्या गटातच वाद पेटला. शिक्षिकेचा हट्ट होता की जिच्यावर हे बेतलंय अशी एक बाई मंचावर हवी, आणि पहिला प्रश्न तिला हवा. तिच्या ओळखीच्या एक ताई होत्या, शिरोळ तालुक्यातल्याच दुसऱ्या एका गावच्या. त्यांच्या गावानंही हेरवाडसारखा ठराव केला होता. गटातल्या दोघांनी कडाडून विरोध केला. शहरातल्या हॉलमध्ये एका बाईचं दुःख मांडायचं, लोकांनी डोळे पुसायचे आणि घरी जायचं, हे आपण करायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. ते मला आजही योग्य वाटतं. असे कार्यक्रम मी पाहिलेत. सोसलेल्या माणसाला बोलावतात, त्याच्याकडून रडू काढतात आणि विश्लेषण मात्र दुसऱ्याकडून करून घेतात.

वाद सुटला तो ताईंनीच सोडवल्यामुळं. त्यांनी फोनवर अटी सांगितल्या. नाव छापायचं नाही. फोटो नाही, मोबाइलवर रेकॉर्डिंगही नाही. मालक कसे वारले ते कुणी विचारायचं नाही. मी बोलीन ते आमच्या बचत गटाबद्दल, तेवढंच. आणि कुरुंदवाडची शेवटची एसटी चुकवायची नाही, म्हणजे आधी मी बोलीन. पहिला प्रश्न कुणाला द्यायचा हा आमच्यासाठी तत्त्वाचा मुद्दा होता, तो एसटीच्या वेळापत्रकानं निकालात काढला. अटी मंचावर जायच्या आधी श्रोत्यांना वाचून दाखवायच्या असं ठरलं. तेवढ्यानंच हॉलची बसायची पद्धत बदलली. अटी वाचल्यावर लोकांनी मोबाइल खिशात ठेवले.

बैठक

हॉल राजारामपुरीतला, लहानसा. कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्यावर 16 फेब्रुवारी 2015 ला सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या, 20 तारखेला ते गेले. तेव्हापासून या शहरात अशा कार्यक्रमाला येणारा माणूस दारात क्षणभर थांबून आत कोण बसलंय ते बघतो. पुढं या खुनाच्या निषेधात दर महिन्याच्या वीस तारखेला निघणाऱ्या निर्भय मॉर्निंग वॉकमध्ये आमच्यातले बरेच जण चालले आहेत. कोल्हापुरात पुरोगामी असण्याला कधी किंमत मोजावी लागली नाही असं कुणी म्हणू नये. ती किंमत मोजूनही चळवळीची पोच घराच्या उंबऱ्यापर्यंतच कशी राहते, हे त्या संध्याकाळी समोर आलं.

शिक्षिकेचा पहिला प्रश्न साधा होता: "तुमच्या गावात ठराव झाल्यावर बचत गटाच्या पुढच्या बैठकीत काय झालं?"

ताई म्हणाल्या:

"आमच्या गटात दहा बायका. महिन्याच्या दहा तारखेला बैठक, दर वेळी एकीच्या घरात. वही माझ्याकडं असती, मी बारावी झालोय म्हणून. पैसं मोजून झालं, सह्या झाल्या, वही मिटली की घरवाली हळदी-कुंकवाचं ताट आणती. ते ताट आलं की मी उठतो. वही आत ठिवून येतो म्हणतो. वही ठिवायला किती वेळ लागतोय? पण ताट फिरून होईस्तोवर मी आतच थांबतो. मला कुणी कधी 'जा' म्हणालं न्हाई. 'बस' बी कुणी म्हणालं न्हाई. ठराव झाला तवा ग्रामसभेत टाळ्या वाजल्या. मी बी वाजवल्या. फुडच्या दहा तारखेला ताट आलं, आणि मी उठलो."

आण्णांनी ठरलेला क्रम सोडून विचारलं, "त्या दिवशी तुम्ही उठला नसता तर, ताई?"

"तर ताट माझ्याफुडं येऊन थांबलं असतं, आण्णा. मग जिच्या हातात ताट हाय तिला ठरवाय लागलं असतं. तिच्या घरात सासू बसलेली. मी त्या पोरीला त्यात पाडू?"

त्या उत्तरानं बैठकीचा रोख बदलला. तोवर आम्ही सगळे प्रथा सोसणारी आणि प्रथा लादणारा असे दोनच पक्ष धरून होतो. ताईंनी तिसरी बाई दाखवली, जिच्या हातात ताट आहे ती. ठरावाचा कागद तिच्यापर्यंत पोचतच नाही. तो विधवेला सांगतो की तुला हक्क आहे, गावाला सांगतो की जुलूम करू नका. पण प्रत्यक्षात प्रथा पाळली जाते ती ताटवालीच्या हातानं, आणि ती स्वतः सासूच्या धाकात असते. ताई उठून जात होत्या त्या तिला वाचवायला.

लेखिकेनं मग आपला मुद्दा मांडला, फोनवर मांडला होता तितक्याच स्पष्टपणे. ती स्वतः कुंकू लावत नाही, गळ्यात काही घालत नाही. विधवेला कुंकू परत द्या म्हणण्यापेक्षा सगळ्याच बायकांनी ते सोडावं, मग कोण विधवा आणि कोण नाही हे कपाळावरून कळणारच नाही, असं तिचं म्हणणं होतं. विचार म्हणून त्याला तोड नाही. ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकात बायको मेली तर पुरुषाचं काय बिघडतं असं विचारलं होतं, त्याच वाटेवरचा हा विचार.

ताईंनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही न लावता बसला तरी तुम्हाला कुणी उठवत न्हाई."

लेखिका थोडा वेळ काहीच बोलली नाही. नंतर ती म्हणाली, "खरं आहे. माझं न लावणं ही माझी निवड म्हणून बघितली जाते. तुमचं न लावणं ही शिक्षा आहे. दोन्हींचं उत्तर एकच असू शकत नाही." आपला मुद्दा तिनं सोडला नाही. तो कोणाला आणि कधी लागू पडतो हे तिनं आखून घेतलं. विचारवंत माणसानं जाहीरपणे असं करणं मी फार कमी वेळा पाहिलंय, आणि तिच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला.

ताई एसटीसाठी निघाल्या. आमचा एक जण त्यांना दुचाकीवरून मध्यवर्ती बस स्थानकावर सोडून आला.

टोल आणि ताट

त्या गेल्यावर आण्णा बोलले ते मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात ते पहिल्यापासून होते. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं पुढं होती, अख्खं शहर रस्त्यावर होतं, वर्षानुवर्षं लढा चालला आणि 2015 अखेर टोल गेला. शिक्षिकेनं विचारलं की जे शहर टोलसाठी इतकं पेटलं, ते कुंकवासाठी का पेटत नाही?

आण्णांचं उत्तर असं: टोलचा नाका शहराच्या वेशीवर होता. पैसे मागणारा परका होता. त्याच्याविरुद्ध उभं राहायला पेठांतले तालमीवाले, रिक्षावाले, व्यापारी, डावे, उजवे सगळे एकत्र आले, कारण त्यासाठी कुणालाही आपल्या घरात काही मोडावं लागणार नव्हतं. इथं मोर्चा काढायचा तर कुठं काढायचा? स्वतःच्या आईच्या देवघरावर? "आम्ही कामगाराला मालकाशी भांडायला शिकवलं. आईशी कसं बोलायचं ते आम्ही कुणालाच शिकवलं नाही," असं ते म्हणाले.

मग ते शाहू महाराजांकडं वळले. इथं मला भाषणाची भीती वाटली होती, कारण कोल्हापुरात शाहूंचं नाव आलं की बोलणारा पाच मिनिटं थांबत नाही. पण आण्णांनी नेमकं सांगितलं. 1917 मध्ये महाराजांनी संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, 1919 मध्ये बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. हे भाषणांत येतं. भाषणांत कमी येतं ते असं: 1918 मध्ये त्यांचा धाकटा मुलगा शिवाजी शिकारीत वारला. सून इंदुमतीदेवी तेव्हा अजून लहान मुलगी होती. महाराजांनी तिच्या शिक्षणाची व्यवस्था कोल्हापूरजवळच्या सोनतळीला लावली, सोबत इतर जातींच्या मुली ठेवल्या. घरातून आणि दरबारातून विरोध होता, तो त्यांनी अंगावर घेतला. "कायदा गावासाठी केला आणि मोड घरात केली," आण्णा म्हणाले. "आपण पहिलं सांगतो, दुसरं सांगत नाही. कारण दुसरं सांगितलं की आपल्यालाही करावं लागतंय."

लेखिकेनं यात एक धागा जोडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी न्हाव्यांची सभा घेतली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांच्याकडून वदवून घेतलं. ज्याच्या हातात वस्तरा आहे त्यानंच नकार दिला. विधवेला धीट व्हायला सांगण्यापेक्षा, गावाला सुधारायला सांगण्यापेक्षा हे वेगळं काम आहे. मग आज वस्तरा कुणाच्या हातात आहे? पाणवठ्यावर बांगड्या कोण फोडतं? आमच्याकडं बहुतेक गावांत हे काम आधीच विधवा झालेल्या म्हाताऱ्या बायकांना करावं लागतं, कारण सवाशिणीनं त्या विधीला हात लावायचा नाही. म्हणजे जिनं हे एकदा सोसलंय तिच्याच हातून ते दुसरीला सोसायला लावलं जातं. ठरावाच्या कागदावर या म्हातारीचा उल्लेख नाही. तिच्याशी जाऊन कुणी बोललेलंही नाही.

दोन अडचणीचे प्रश्न

श्रोत्यांतून एक तरुण उठला. प्रश्न ठरलेलाच होता: तुम्हाला हिंदूंच्याच प्रथा दिसतात का? हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली, एक-दोघं त्याला बसवायला निघाले. शिक्षिकेनं त्यांना थांबवलं आणि त्याला पूर्ण बोलू दिलं. हे तिनं फार चांगलं केलं. प्रश्न दाबला की तो बाहेर जाऊन मोठा होतो.

आण्णांनी उत्तर दिलं. 18 एप्रिल 1966 ला मुंबईत सात मुस्लिम बायका तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा घेऊन विधान भवनावर गेल्या. मोर्चा समाजसुधारक हमीद दलवायांनी काढला होता, आणि 1970 मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. सत्यशोधक हे नाव फुल्यांकडून घेतलेलं. म्हणजे ज्या परंपरेत आपण बसलोय तिनं हा प्रश्न तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी विचारलाय, असं त्यांनी त्याला सांगितलं. उत्तर माहितीचं होतं, आवाज चढवलेला नव्हता. मुलगा ऐकत होता.

पण मग आण्णांनी त्यालाच विचारलं, "तुझ्या घरात आहे का कुणी विधवा?" त्यानं सांगितलं, आत्या आहे. "घरात लग्न निघालं की आत्या कुठं असते?" तो म्हणाला, "ते वेगळं," आणि खाली बसला. हॉलमध्ये काही जण हसले.

हे मला आवडलं नाही. ताईंना आम्ही अटी घालू दिल्या, त्यांच्या घरातलं काही विचारायचं नाही हे सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. त्या मुलाला तो आधार नव्हता. त्याच्या घरातलं दुःख भर हॉलात त्याच्या तोंडून काढून घेतलं गेलं, आणि लोक हसले. प्रश्न योग्य होता, जागा चुकली. बैठकीनंतर मी आण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, बाहेर जाऊन त्याच्याशी बोलतो, आणि खरंच जिन्यात त्याला गाठून बराच वेळ बोलत उभे राहिले. काय बोलले ते मला माहीत नाही. तो शेवटपर्यंत थांबला होता एवढं खरं.

दुसरा प्रश्न मागच्या ओळीतल्या एका बाईंचा. त्यांनी कुंकवाचं नाव काढलं नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झालीत, जमीन नवरा आणि दिराच्या नावावर सामाईक, सातबाऱ्यावर अजून नवऱ्याचंच नाव आहे, दीर म्हणतो तुला काय कमी पडतंय, नाव कशाला हवं. वर आता तो हक्कसोडपत्र करून दे म्हणतोय. आणि जाऊबाईंनी सांगितलं की दुसरं लग्न केलंस तर तसाही तुझा हक्क जातो. हे खरं का?

श्रोत्यांत महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. मंचावरच्या दोघांपेक्षा त्यांचं उत्तर जास्त उपयोगी पडलं, आणि शिक्षिकेनं माइक सरळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. माणूस वारल्यावर वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याकडं कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ चे (खात्याचे) उतारे जोडून अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. तलाठी वारस रजिस्टरला, म्हणजे गाव नमुना 6-क ला, नोंद घेतो, मग फेरफार, म्हणजे नाव बदलायची नोंद, धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर ती तक्रारी नोंद होते आणि सुनावणी लागते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलगा, मुलगी आणि नवऱ्याची आई यांच्या बरोबरीची. नवरा मेला त्या क्षणी तिचा हिस्सा तिचा झाला, नंतर लग्न केलं म्हणून तो परत जात नाही. आणि हक्कसोडपत्र नोंदणीकृत असतं, ते दुय्यम निबंधकाकडं जाऊन सही केल्याशिवाय होत नाही. म्हणून वाचल्याशिवाय कुठल्याही कागदावर अंगठा उठवू नका, सही तर नकोच.

त्या बाईंनी हे सगळं एका पावतीच्या पाठीमागं लिहून घेतलं. त्यांच्या शेजारच्या दोघींनी ते त्यांच्याकडून उतरवून घेतलं.

इथं आण्णा आणि लेखिका दोघंही मागं सरले, आणि त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. सामाजिक न्यायावरचा संवाद कुंकवापासून सातबाऱ्यापर्यंत आला तो श्रोत्यांमुळं. पण श्रोत्यांतल्या त्या बाईला उठावंसं वाटलं, कारण तिच्यासारखीच एक बाई तिच्याआधी मंचावर बसून, स्वतःच्या अटींवर, बोलून गेली होती. लेखिका आधी बोलली असती तर मागच्या ओळीतून हा प्रश्न आला नसता याची मला खात्री आहे. मोठ्या विचारापुढं आपला दिराशी चाललेला तंटा काढायला माणूस लाजतो.

नंतर

पुढच्या काही महिन्यांत दोन गोष्टी घडल्या.

ताईंच्या बचत गटानं बैठकीची जागा बदलली. घरोघरी बसायचं सोडून त्या आता शाळेच्या व्हरांड्यात बसतात. ही कल्पना ताईंची नव्हे, गटातल्याच एका तरण्या सुनेची, जिच्या घरी ताट फिरवायची पाळी येणार होती तिची. घरात बैठक झाली की घरवालीनं हळदी-कुंकू द्यायचं हा रिवाज. शाळेत घरवालीच नाही, मग ताटही नाही. कुणाला काही मोडावं लागलं नाही, सासूला उत्तर द्यावं लागलं नाही, आणि वही मिटली तरी ताई जागेवर बसून राहतात. शिक्षिकेनं फोनवर हे ऐकलं तेव्हा तिला रडू आलं.

आमच्या गटात यावर दुमत आहे. काहींना ही पळवाट वाटते. प्रथेला हात न लावता तिला बगल दिली, घरोघर ती तशीच आहे, संक्रांतीला ताईंना कोण बोलावणार आहे, असं ते म्हणतात. संक्रांतीचा मुद्दा खरा आहे. तरी मी त्या सुनेच्या बाजूचा आहे. ठरावानं, परिपत्रकानं आणि आमच्या कार्यक्रमानं जे झालं नाही ते तिनं बसायची जागा बदलून करून दाखवलं, आणि ज्या बाईच्या हातात ताट आहे तिनंच ते केलं. लोखंड्यांच्या सभेतल्या न्हाव्यांची आठवण लेखिकेनं काढली होती ती याच कारणासाठी.

दुसरी गोष्ट वारस नोंदीची. निवृत्त महसूल कर्मचारी आणि आमच्यातले चार जण मिळून गावागावांत बचत गटांच्या बैठकीला जातात आणि ज्यांची नावं अजून लागलेली नाहीत त्यांचे अर्ज भरून देतात. काम रेंगाळणारं आहे. मृत्यूच्या दाखल्यावर नाव एक आणि सातबाऱ्यावर दुसरं, टोपणनावानं लागलेली जुनी नोंद, आजेसासऱ्यापासूनच्या तीन पिढ्यांच्या नोंदी राहिलेल्या, असे प्रकार रोज निघतात. काही नोंदी प्रमाणित झाल्या. काहींवर दिरांनी हरकती घेतल्या आणि त्या सुनावणीत अडकल्या आहेत. एका बाईंनी अर्ज दिला आणि दोन दिवसांनी येऊन मागं घेतला. घरात काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्यांच्या कागदांचा संच शिक्षिकेकडं जपून ठेवलेला आहे.

मागच्या ओळीतल्या त्या बाईंचा अर्जही हरकतीत आहे. सुनावणीच्या तारखेला आण्णा त्यांच्याबरोबर मंडळ अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन बसतात. बोलत नाहीत, नुसते बसतात. पुढच्या तारखेला लेखिकाही येणार आहे.

पुढच्या संवादाचा विषय आण्णांनीच सुचवलाय. पाणवठ्यावर बांगड्या फोडणाऱ्या म्हाताऱ्यांना बोलवायचं. त्या हॉलमध्ये येणार नाहीत, आपल्याला त्यांच्या गावी जायला लागेल, आणि मंच नको, ओसरीवर बसू, असं ते म्हणतात. लेखिकेनं एक अट घातलीय की त्या म्हाताऱ्यांना आरोपी करून काही विचारायचं नाही. शिक्षिका पहिला प्रश्न शोधतेय. तिच्या वहीत सध्या एवढंच लिहिलंय: "पहिल्यांदा तुम्हाला कुणी बोलावलं, आणि नाही म्हणता आलं असतं का?"